वांदिवाश ते वऱ्हाड

वाशीम जिल्ह्यातले किन्हीराजा हे वऱ्हाडातले गाव. इंग्रज-फ्रेंच लढाया दूर दक्षिणेत झाल्या, तरी त्यांचे पडसाद इथवर पोचले. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजामाचा हक्क होता. वसुलीत नागपूरकर भोसल्यांचाही वाटा असे. १७५१ पासून निजामाच्या दरबारात फ्रेंच सेनानी बुसीचे वजन होते. १७५८ मध्ये त्याला परत बोलावले गेले. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला इंग्रजांनी फ्रेंचांना हरवले. बुसी कैद झाला. तरी पुढे निजामाकडे फ्रेंच अधिकाऱ्यांची कवायती फौज होती; १७९८ च्या तहाने ती मोडून त्याने इंग्रजांची तैनाती फौज वाढवली. नंतर इंग्रज अधिकाऱ्यांची कंटिन्जंट फौजही त्याच्या खर्चाने उभी राहिली. तिच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले.