निळा फुगा आणि आमचा प्रोजेक्ट ग्रुप

मी धर्मापुरीचा. आमच्याकडे केदारेश्वराचं देऊळ आहे, किल्ला आहे. समुद्र मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे! त्यामुळे पावसाळ्यात मुंबईला गेल्यावर जुहूच्या वाळूत निळा चकचकीत फुगा दिसला, तर माझ्यासारखा गडी पहिलं काय करणार? उचलणार! म्हणून हा लेख.

या फुग्याचं नाव ब्लू बॉटल, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरच्या खानदानातला. जुन्या लढाऊ जहाजांवरून हे नाव पडलं. दिसतो जेलीफिशसारखा, पण जेलीफिश नव्हे. खरं तर तो ‘तो’ नाहीच, ‘ते’ आहेत! एकाच अंड्यातून वाढलेल्या अनेक छोट्या जिवांची ही वसाहत. एक जण नुसता फुगा होऊन तरंगतो, काही शिकार पकडतात, काही ती पचवतात, काही पुढच्या पिढीची सोय बघतात. पकडणाऱ्याला पचवता येत नाही, पचवणाऱ्याला तरंगता येत नाही. एकटा कोणीच जगत नाही. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही कामं अशीच वाटलेली असतात. फरक एवढाच, की आमच्यात पकडणारा एक आणि पचवणारे चार!

मेकॅनिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं. याला इंजिन नाही, सुकाणू नाही, पोहताही येत नाही. फुग्यावरचा तुरा हेच शीड. काहींचं शीड डाव्या बाजूचं, काहींचं उजव्या. त्यामुळे एकाच वाऱ्यात दोघं वेगवेगळ्या दिशांना जातात आणि सगळेच्या सगळे एकदम किनाऱ्याला लागत नाहीत. याला म्हणतात बॅकअप!

आता गंमत पुरे. फुग्याखाली लोंबणाऱ्या निळ्या दोऱ्यांत डंख मारणाऱ्या असंख्य पेशी असतात. स्पर्श झाला की त्या आपोआप सुटतात, कुणाच्या ऑर्डरची वाट बघत नाहीत. म्हणून वाळूत मरून पडलेला ब्लू बॉटलसुद्धा डसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला गेलेल्या कितीतरी लोकांना हा प्रसाद मिळाला होता.

डसलाच तर चोळू नका, वाळू घासू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तो भाग २० मिनिटं ठेवा. (इथे हॉस्टेलच्या गीझरचा उपयोग नाही!) श्वास लागला किंवा चक्कर आली, तर सरळ दवाखाना गाठा.

आणि हो, ग्रुप फोटोसाठी त्याला हातात धरू नका. तो एकटाच अख्खा ग्रुप आहे!