पडद्याच्या दिव्याची खोड व तिची नोंद

पुसेगांव व खरसुंडी येथील बाजारांत खिल्लार बैल पारखतांना गिऱ्हाईक दांत, खूर व खांदा पाहून थांबत नाहीं. खोड काय आहे, हें तो हटकून विचारतो. मारका आहे, जूं टाकतो, कीं ओढ्याच्या पाण्याला बुजतो, हें बैलाच्या अंगावर लिहिलेलें नसतें. यंत्रांसही अशाच खोडी असतात. लॅपटॉपच्या पडद्यामागील दिव्याची एक खोड व ती लिहून ठेवण्याची रीत यांविषयीं थोडें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या घरांत जुना लॅपटॉप हाच काय तो एक संगणक, तेथें पडदा काळा पडला म्हणजे मुलाचा अभ्यासच बंद पडतो. तेव्हां विषय वाटतो तितका दूरचा नाहीं.

द्रव-स्फटिकाच्या पडद्यावरील चित्र स्वतः उजेड देत नाहीं. त्यामागें दिवा असतो व तो सेकंदांत शेंकडों वेळां लागतो आणि विझतो. लागलेला काळ वाढविला कीं पडदा उजळ दिसतो, कमी केला कीं मंद. हें प्रमाण एका आंकड्यानें ठरतें. इंटेल कंपनीच्या कांहीं चित्रयंत्रांच्या माहितीपत्रकाप्रमाणें ० म्हणजे दिवा बंद व २५५ म्हणजे पूर्ण उजेड. हा आंकडा यंत्रास कळविणाऱ्या प्रोग्रामास ड्रायव्हर म्हणतात.

आतां खोड पाहा. एसर कंपनीच्या अॅस्पायर ५७३४झेड या लॅपटॉपांत हा हिशेब नेमका उलटा होता: ० वर पूर्ण उजेड, २५५ वर काळोख! लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं सन १९९१ मध्यें आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली सर्वांस खुली आहे. तिच्या २.६.३८ या सन २०११ च्या आवृत्तींत इंटेलचा ड्रायव्हर या लॅपटॉपाचें चित्रयंत्र प्रथमच हाताळूं लागला. त्यानें पत्रकाबरहुकूम पूर्ण उजेड मागितला आणि यंत्र सुरू होतां होतांच पडदा काळा झाला. ड्रायव्हर चुकला नव्हता, यंत्रही मोडलें नव्हतें; परंतु वापरणारास मात्र तें मेलेंच वाटणार.

सन २०१२ मध्यें यावर उपाय झाला. ड्रायव्हरमध्यें खोडकर यंत्रांची एक यादी असते. तींत या लॅपटॉपाचे ओळख-क्रमांक घालून, आंकडा कमाल मूल्यांतून वजा करून पाठवावा, अशी आज्ञा जोडली. आणि उजेडाचा आंकडा येथें उलटा करणें अवश्य आहे, असा एका ओळीचा शेरा वर लिहिला. सविस्तर कारण त्या बदलाच्या इतिहासांत नमूद केलें. पुढें ई-मशीन्स जी७२५, पॅकार्ड बेल एनसीएल२० अशीं त्याच रोगाचीं यंत्रें यादींत आलीं. नांवें निराळीं, पण तीं सर्व एसरच्याच घराण्यांतलीं, ही गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे.

एवढ्या एका ओळीची मातबरी काय, असें कोणी विचारील. लिनक्सचा मजकूर जगभरचे हजारों लोक दुरुस्त करीत असतात, आणि त्यांच्यापाशीं तें विवक्षित यंत्र बहुधा नसतेंच. शेरा नसेल तर एखादा दक्ष मनुष्य ती वजाबाकी निरर्थक समजून पुसून टाकील. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर कांहींच फरक पडणार नाहीं. काळोख होईल तो हजारों कोसांवरील परक्या घरीं. 'यास हात लावूं नये' एवढेंच लिहिणें आमच्या मतें न लिहिण्यासारखेंच होय. पत्रक काय म्हणतें, यंत्र काय करतें आणि हें कोणत्या यंत्रावर आढळलें, या तिन्ही गोष्टी हव्यात.

नोंद फार सैल झाली तरीही अनर्थ होतो. एका बैलाच्या खोडीसाठीं सारा कळप बदनाम करूं नये, तसें केवळ कंपनीचें नांव घालून भागत नाहीं. नाहींतर निर्दोष यंत्रांचे पडदे विनाकारण काळे होतील.

उलट प्रकारची खोडही आहे. एसरच्याच सी७२० या क्रोमबुकास दिवा असूनही त्याच्या अंतर्गत कोष्टकांत तो नाहीं, अशी नोंद होती. त्यासाठीं 'यांस दिवा आहे' असें यादींत स्पष्ट लिहावें लागलें!

आपल्याकडील एखादा जुना लॅपटॉप असा काळा पडल्यास तो मोडींत काढण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत पडद्यावर बॅटरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. पुसट अक्षरें दिसलीं तर चित्र शाबूत आहे, दिवा तेवढा विझला आहे. उजेड कमीजास्त करण्याच्या कळा दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत दाबून काय घडतें तें टिपावें. मग तळाशीं छापलेला पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, उतरून घ्यावा. ५७३४ आणि ५७३४झेड हीं एकच यंत्र समजूं नयेत.