हिंवाळ्यांत डोळ्यांची निगा

कुसळ आणि मुसळ यांची म्हण आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. त्या म्हणींत कुसळ म्हणजे अगदीं क्षुल्लक वस्तु समजलेली आहे. परंतु गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शेतांत वावरतांना खरोखरचें कुसळ डोळ्यांत गेलें तर तें क्षुल्लक राहत नाहीं. योग्य उपाय वेळेवर न झाल्यास त्यापायीं डोळा कायमचा जातो, ही गोष्ट आमच्या शेतकरी वर्गास जितकी माहीत असावी तितकी ती नाहीं. हिंवाळा लागला म्हणजे अंगावर घोंगडी व कानांस मफलर घेण्याची आठवण प्रत्येकास होते. डोळ्यांची आठवण मात्र ते दुखूं लागल्यावांचून होत नाहीं. म्हणून या दिवसांत डोळ्यांस कोणकोणता उपद्रव पोहोंचतो, त्यांतील किरकोळ कोणता व घातक कोणता, आणि त्यावर काय करावें व काय करूं नये, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

थंडी नव्हे, कोरडा वारा

डोळे लाल झाले कीं "थंडी बाधली" असें म्हणण्याची चाल आहे. आपल्या प्रांतांत निफाडसारख्या ठिकाणीं पारा कांहीं वर्षीं पांच अंशांखालीं उतरतो हें खरें. तथापि नुसत्या थंडीनें डोळ्यास इजा व्हावी इतकें कडक हवामान आपल्याकडे नसतें. डोळा हाडांच्या खोबणींत, चरबीच्या गादीवर बसविलेला असून उष्ण रक्ताचा पुरवठा त्यास अखंड होत असतो. त्रास होतो तो हवेच्या कोरडेपणाचा व वाऱ्याचा.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पातळ थर नेहमीं पसरलेला असतो. त्यांत तळाशीं चिकट द्रव, मध्यें पाणी व वरच्या बाजूस तेलाचा अगदीं सूक्ष्म पापुद्रा असतो. हें तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतें व खालचें पाणी उडून जाऊं देत नाहीं. हिंवाळ्यांतील कोरड्या वाऱ्यांत, विशेषतः पहाटे बैलगाडीवर किंवा फटफटीवर बसून जातांना, हा थर ठिकठिकाणीं तुटतो. मग डोळ्यांत रेती गेल्यासारखें खुपूं लागतें आणि त्या टोंचणीनें डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें. डोळा कोरडा पडला असतां त्यांतून पाणी कसें येतें, असें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु तें पाणी टोंचणीमुळें आलेलें असून डोळ्यावर न ठरतां गालावर ओघळतें.

यावर उपाय सोपे आहेत. वाऱ्यांतून जातांना साध्या कांचेचा, बाजूंनीं झांकणारा चष्मा वापरावा. नसल्यास उपरणें किंवा पदर कपाळावर पुढें ओढून घ्यावा. थंडींत तहान कमी लागते म्हणून पाणी पिण्याचें टाळूं नये. रात्रीं निजण्यापूर्वीं स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत भिजवून व पिळून मिटलेल्या पापण्यांवर पांच-दहा मिनिटें ठेवावें. त्यानें पापण्यांतील तेल मोकळें होतें. डोळे चोळूं मात्र नयेत. हरभऱ्याच्या शेतांतून आलेल्या माणसानें तर हात धुतल्यावांचून डोळ्यास बोट लावूं नये. पहाटेच्या दंवांत हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते ती आंबट अम्लांनीं भरलेली असून डोळ्यास चांगलीच झोंबते.

धूर

हिंवाळ्यांतील दुसरा उपद्रव धुराचा. थंडीमुळें दारें-खिडक्या बंद असतात, आणि चुलीचा धूर घरांतच कोंडतो. सन २०१६ मध्यें सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅसची शेगडी पोहोंचली. परंतु अंघोळीचें पाणी तापविण्यास व भाकरी भाजण्यास चूल अद्यापि अनेक घरीं पेटते. धुरानें डोळे चुरचुरतात एवढेंच नव्हे, तर वर्षानुवर्षें सरपणाच्या धुरांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांत मोतीबिंदूचें प्रमाण अधिक असल्याचें भारतांत व नेपाळांत झालेल्या पाहण्यांत आढळून आलें आहे. चुलीवर धुराडें असावें, लांकूड वाळलेलें असावें, व स्वयंपाकाच्या वेळीं एक तरी झरोका उघडा ठेवावा. शेकोटीस बसतांना वारा पाठीकडून येईल अशा बाजूस बसावें, आणि तींत रबराचे तुकडे, प्लॅस्टिक किंवा औषधांचे रिकामे डबे कदापि टाकूं नयेत. गुऱ्हाळांत चुलवाणाशीं जळण सारणाऱ्या माणसास तर चष्मा दिलाच पाहिजे.

वारा व धूर यांनीं डोळा त्रासतो, परंतु सहसा एकाएकीं जात नाहीं. डोळा घालविणारा शत्रु तिसराच आहे.

ओरखडा आणि फूल

नेहमीं घडतें तें असें. बाई ज्वारीचीं कणसें खुडीत असते; सुकलेल्या पात्याची करवतीसारखी कड डोळ्यावरून ओढली जाते. क्षणभर कळ येते, पाणी येतें, पदराच्या टोंकानें डोळा पुसून ती पुन्हां कामास लागते. ऊसतोडीच्या फडांत उसाच्या पात्यानें हेंच होतें. उफणणीच्या वेळीं कोंड्यानें व कुसळानें होतें. कडब्याच्या पेंढ्या बांधतांना होतें. संध्याकाळीं डोळा लाल होतो. घरांतील वडीलधारीं माणसें दूध, मध, तूप किंवा एखाद्या पाल्याचा रस घालावयास सांगतात. कोणी जिभेच्या टोंकानें कुसळ काढून देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उजेड सहन होईनासा होतो व बुबुळावर पांढरा ठिपका दिसूं लागतो. आठवड्यानें ती शहराच्या दवाखान्यांत जाते, तेव्हां डॉक्टर डोळा वांचविण्याचें बोलतात, दृष्टि वांचविण्याचें बोलत नाहींत.

हें असें कां होतें? बुबुळासमोर घड्याळाच्या कांचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर असते, व स्वच्छ राहण्यासाठीं त्यांत रक्तवाहिन्या मुळींच नसतात. त्याची वरची कातडी शाबूत असेपर्यंत जंतूंस सहजासहजीं आंत शिरतां येत नाहीं. तिला लहानसा ओरखडा पडला आणि तो निर्मळ राहिला तर तो एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो. पण पात्यावरची धूळ, मळके बोट किंवा घातलेला रस यांबरोबर जंतु अथवा बुरशी आंत शिरली कीं तेथें व्रण होतो; आणि व्रण बरा झाला तरी पांढरा डाग मागें राहतो. यासच आपण फूल पडणें म्हणतों. तें बरोबर मध्यभागीं असलें तर दृष्टि जाते. नेत्रदानांतून मिळालेलें पारपटल बसविणें हा त्यावर उपाय आहे. परंतु दिलेले डोळे थोडे व वाट पाहणारे रोगी फार.

बुरशीची गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी. हरभऱ्यास मर रोग आणणारी बुरशी फ्युझेरियम कुळांतील होय. त्याच कुळांतील कांहीं जाती डोळ्यांतही व्रण करतात. साठवणींतील भुईमुगावर येणारी अ‍ॅस्परजिलस ही दुसरी. मदुरेच्या अरविंद नेत्र रुग्णालयांत सन १९९४ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत पारपटलाच्या व्रणाचे ४३४ रोगी आले. त्यांपैकीं २८४ जणांनीं आधीं डोळ्यास इजा झाल्याचें सांगितलें. ज्यांच्या व्रणांत कारण सांपडलें त्यांत जंतु व बुरशी यांचा वांटा जवळजवळ सारखा निघाला. बुरशीचा व्रण हळूहळू वाढतो, जंतूंच्या औषधानें तो बरा होत नाहीं, व त्यास नॅटामायसिनसारखें निराळें औषध आठवडेच्या आठवडे घालावें लागतें. म्हणून व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें अवश्य असतें.

पहिला दिवस

यांत आशेची गोष्ट ही कीं ओरखडा व व्रण यांमध्यें थोडा अवकाश असतो, आणि तो आपल्या हातीं असतो. नेपाळांतील भक्तपूर जिल्ह्यांत शेतीवर राहणाऱ्या सुमारें ३५ हजार लोकांत दोन वर्षें एक प्रयोग करण्यांत आला. त्याचा वृत्तांत सन २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. गांवांतील स्वयंसेवकांस ओरखडा ओळखण्यास शिकविलें, आणि इजा झाल्यापासून ४८ तासांच्या आंत येणाऱ्या प्रत्येकास क्लोरॅम्फेनिकॉलचें १ टक्क्याचें मलम दिवसांतून तीनदां, तीन दिवस लावण्यांत आलें. अशा ४४२ माणसांपैकीं ४२४ जणांचा ओरखडा कसलाही व्रण न होतां भरून आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं इजेपासून १८ तासांच्या आंत ज्यांस मलम मिळालें त्यांच्यापैकीं एकासही व्रण झाला नाहीं. जे १८ जण दुखावले त्यांतले १४ जण चोवीस तास उलटून गेल्यावर आलेले होते. तेथें मोठें इस्पितळ नव्हतें, महाग यंत्र नव्हतें. साधें मलम, शिकविलेला माणूस आणि न दवडलेला दिवस, इतकेंच होतें.

यावरून आपण पुढील नियम पाळावे. डोळ्यांत कांहीं गेल्यास चोळूं नये. हात स्वच्छ धुवून, उकळून निवविलेल्या स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा. कण वर तरंगत असेल तर धुण्यानें निघतो. रुतला असेल तर कोणीही सुई, काडी किंवा जीभ लावूं नये. त्याच दिवशीं आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा डोळ्यांचे डॉक्टर यांच्याकडे जावें व त्यांच्या सल्ल्यानें मलम लावावें. दुसऱ्या दिवशीं वेदना कमी न होतां वाढल्या, उजेड सोसेना, अंधुक दिसूं लागलें, पू आला किंवा पांढरा ठिपका दिसला, तर थेट नेत्ररुग्णालय गांठावें.

डोळ्यांत चुना उडाल्यास, मग तो तंबाखूच्या डबींतला असो कीं बोर्डो मिश्रणाचा, वाट पाहण्यास एक मिनिटाचीही सवड नाहीं. जें स्वच्छ पाणी जवळ असेल त्यानें पापण्या उघडून धरून निदान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीखालचे कण निघूं द्यावे, आणि मग डॉक्टरांकडे धांवावें.

एक निषेध विशेष आहे. दुकानांतून "डोळ्याचें औषध" म्हणून मागून आणलेल्या थेंबांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. त्यानें लाली एका दिवसांत उतरते व रोगी आनंदतो. परंतु आंत बुरशीस मोकळें रान मिळतें. शेजाऱ्याची उरलेली बाटली आणि दुकानदाराचा अंदाज, या दोहोंपासून डोळा राखावा.

हें कोणी करावें?

माणसें उशीर करतात तीं केवळ अज्ञानानें करतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. ऊसतोडीची जोडी घरापासून दूर असते. एक दिवस खाडा झाला कीं उचल फिटण्यास तितका उशीर लागतो. रोजावर कणसें खुडणारी बाई लाल डोळ्याकरितां मजुरी बुडवीत नाहीं. अशा वेळीं "लवकर दवाखान्यांत जा" असा नुसता उपदेश पुरत नाहीं. ज्याच्या शेतांत काम चालू आहे त्यानें त्या दिवसाची मजुरी न कापतां माणसास पाठवावें; तो खर्च एका डोळ्याच्या मानानें कांहींच नव्हे. गांवच्या सोसायटीनें सुगीपूर्वीं चार गोष्टी कराव्या: कमी किंमतीचे संरक्षक चष्मे एकत्र मागवून सभासदांस व मजुरांस द्यावे; आशा कार्यकर्तीकडे डोळ्याचें मलम शिल्लक आहे याची आरोग्य केंद्रामार्फत खातरजमा करावी; जवळच्या नेत्ररुग्णालयाचा पत्ता व वेळ चावडीवर लावावी; आणि नडलेल्या माणसाकरितां वाहनाची सोय ठरवून ठेवावी.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं खुपऱ्यांनीं कितीकांचे डोळे घेतले. सार्वजनिक आरोग्यास धोका म्हणून असलेला तो रोग भारतांतून हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२४ मध्यें जाहीर केलें. स्वच्छ पाणी, औषध आणि पुष्कळ वर्षांचा नेट यांनीं तें साधलें. ज्वारीच्या पात्यानें जाणारे डोळे वांचविण्यास तर इतकीं वर्षेंही नकोत. प्रत्येक वेळीं एक दिवस पुरे आहे. तो पहिला दिवस या हंगामांत कोणाचाही फुकट जाऊं नये, एवढी दक्षता आपण सर्वांनीं घ्यावी.