राखणीच्या कुत्र्यावर इतर कुत्र्यांचा हल्ला

गेल्या भाद्रपदांतील एका रात्रीं आमच्या वस्तीखालच्या पाणंदींत कुत्र्यांचा मोठा कल्लोळ उठला. विजेरी व काठी घेऊन आम्ही धांवलों, तों पांचसहा गांवकुत्र्यांनीं आमच्या खंड्यास खालीं पाडलें होतें. माणसें पाहून टोळी पांगली व खंड्या लंगडत घरीं आला. दिव्याखालीं पाहिलें तों मानेवर दोन व पाठीवर एक अशीं हरभऱ्याएवढीं तीन भोकें. रक्तहि फारसें नाहीं. थोडक्यांत निभावलें असें समजून आम्हीं त्यांत हळद भरली व त्यास गोठ्यांत बांधलें. तिसऱ्या दिवशीं त्याची मान दुप्पट सुजली, भाकरीकडे तो पाहीना व अंगाला दुर्गंधि येऊं लागली. पशुवैद्यांनीं केंस भादरले तेव्हां त्या दोन भोकांमधली तळहाताएवढी कातडी मांसापासून सुटून आंत पू भरलेला आढळला. खंड्या वांचला, परंतु एकवीस दिवस गेले, आणि त्या दिवसांत भुईमुगांत डुकरें शिरलीं तेव्हां भुंकणारें कोणी नव्हतें. हळद भरून निजावयास जाणें ही आमची चूक होती. ती वाचकांच्या हातून होऊं नये म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

लहान दिसणारी जखम एवढी घातक कां होते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. कुत्र्याची कातडी मांसावर सैल असते. चावणारा कुत्रा सुळे रोवून थांबत नाहीं. तो मान झटकतो. त्या झटक्यानें कातडी दातांबरोबर सरकते व खालचें मांस फाटतें, पण दात निघतांच कातडी पुन्हां जागेवर येऊन भोक जवळजवळ मिटतें. आंत मात्र चेंगरलेलें मांस, सांचलेलें रक्त, केंस व दातांवरील जंतू कोंडले जातात. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं पू होतो तो यामुळें. म्हणून भोकाच्या आकारावरून जखमेचें मोजमाप करूं नये. छाती व पोट यांवरील दांत तर विशेष संशयानें पाहावा. वरून टिकलीएवढें दिसणारें भोक आंत फुप्फुसापर्यंत किंवा आंतड्यापर्यंत गेलेलें असूं शकतें, आणि असा कुत्रा पहिले कांहीं तास चालत फिरत असतो.

आतां प्रत्यक्ष झुंज चालू असतां काय करावें? सर्वांत मोठा धोका मालकाच्या हातास असतो. आपल्या कुत्र्याचा पट्टा धरून ओढावयास जो हात मध्यें घालतो तो बहुधा चावा घेऊनच बाहेर येतो, व पुष्कळदां चावणारा कुत्रा त्याचा स्वतःचाच असतो. त्या वेळीं त्यास धनी दिसत नाहीं. दुरूनच बादलीभर पाणी तोंडावर फेंकावें, पत्र्याचा डबा किंवा परात बडवावी, मोटारसायकल जवळ असल्यास तिचा भोंगा वाजवावा. घोंगडी हातीं असेल तर ती झुंजणाऱ्यांवर टाकावी. क्षणभर डोळ्यांपुढें अंधार झाला कीं दातांची पकड सुटते. फळी किंवा रिकामें पोतें मध्यें सारतां येतें. दोनच कुत्रे असतील व दोन माणसें असतील तर एकाच वेळीं दोघांचे मागचे पाय उचलून मागें ओढण्याची रीति उपयोगी पडते; टोळीपुढें एकट्यानें तसें करूं नये. काठीचे तडाखे मारल्यानें चेव वाढतो, आणि अंधारांत ते आपल्याच जनावराच्या बरगड्यांवर बसतात. मुलांस जवळ येऊं देऊं नये, व आपणहि पळूं नये.

झुंज सुटल्यावर कुत्र्यास कवटाळण्याचा मोह आवरावा. वेदनेनें बेभान झालेला कुत्रा धन्याला चावतो. शिवाय त्याच्या केंसांवर हल्लेखोरांची लाळ असते, तेव्हां हातांत रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्या. श्वास नीट चालत असेल तर मऊ फडक्याच्या पट्टीनें तोंड बांधावें. धाप लागली असेल, ओकारी येत असेल किंवा तोंडास जखम असेल तर मात्र बांधूं नये. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. बोटानें दाबून सोडली असतां दोन सेकंदांच्या आंत तिच्यावर गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढुरकी, पाय गार, नाडी जलद, असें असेल तर रक्त आंत वाहत आहे किंवा जनावर धक्क्यानें खचत आहे असें समजून बाकी सर्व सोडून दवाखाना गांठावा. नेतांना घोंगडीची झोळी करून दोघांनीं उचलावें.

वाहतें रक्त स्वच्छ फडक्यानें पांच ते दहा मिनिटें सतत दाबून थांबवावें. मध्येंच उचलून पाहूं नये. छातीच्या भोकांतून हवेचा आवाज येत असेल तर त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा किंवा ओलें फडकें दाबून धरावें. पोटांतून आंतडें बाहेर आलें असेल तर तें आंत ढकलूं नये. मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें झांकून न्यावें. हें पाणी घरीं होतें : एक लिटर पाणी उकळून निववावें व त्यांत नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे दीड चमचा, मीठ विरघळवावें. ज्या जखमा साध्या आहेत त्यांच्याभोंवतींचे केंस कापून त्या साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवाव्या व नंतर पोव्हिडोन आयोडिन लावावें.

येथें आमच्या खेड्यांतील औषधांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. रॉकेल, फिनेल, चुना, तंबाखू, तिखट, गाडीचें काळें तेल, हें सर्व आम्हीं जखमांत भरलेलें पाहिलें आहे. यांनीं निरोगी मांसहि जळतें, आणि कुत्रा तीं चाटून पोटांत घेतो. दुसरा प्रमाद घरांतील गोळ्यांचा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या यकृतास, जठरास किंवा मूत्रपिंडांस अपाय करतात. दया म्हणून दिलेली गोळी जखमेहून महाग पडते. जखम घरीं शिवूंहि नये. चावलेली जखम पशुवैद्य देखील पुष्कळदां पूर्ण शिवीत नाहींत. पू वाहून जाण्यास वाट ठेवतात, रबरी नळी घालतात व जंतुनाशक औषधांचा क्रम देतात. तो क्रम कुत्रा हिंडूं लागला म्हणून मध्येंच तोडूं नये. पावसाळ्यांत माशी बसून उघड्या जखमेंत दिवसाभरांत अळ्या होतात. म्हणून रोज दोन वेळां जखम उघडून पाहावी. चाटूं नये म्हणून गळ्यांत घालावयाचें शंकूसारखें आवरण विकत मिळतें. आम्हीं जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून तें काम भागविलें.

आतां या विषयांतील सर्वांत गंभीर भाग. हल्ला करणारा कुत्रा पिसाळलेला असूं शकतो. पिसाळ रोगाचें विष लाळेंत असतें, तें चाव्यांतून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जातें, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर जनावर काय किंवा माणूस काय, वांचणें जवळजवळ अशक्य असतें. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो अशी समजूत सर्वत्र आहे व पाण्याची परात पुढें ठेवून लोक परीक्षा घेतात. पाण्याची भीति हें माणसांतील लक्षण होय. रोगी कुत्रा पाणी पिण्याची धडपडहि करतो. स्वभाव एकाएकी पालटणें, आवाज घोगरा होणें, जबडा लोंबणें, लाळ गळणें, दगडमातीस चावणें, हीं खरीं चिन्हें. कित्येक कुत्रे तर चवताळत नाहींत. कोपऱ्यांत मुके होऊन पडतात, व 'घशांत हाड अडकलें' असें वाटून धनी तोंडांत हात घालतो.

कुत्र्यास तीन महिन्यांचा असतां पहिली लस, पुढें पशुवैद्य सांगतील त्या मुदतीनें दुसरी व मग दरसाल एक, असा क्रम पाळलेला असेल तर निम्मी काळजी मिटली. अशा कुत्र्यास चावा बसल्यास लगेच लसीची एक मात्रा पुन्हां द्यावी व सुमारे दीड महिना त्यास नजरेखालीं ठेवावें. लस मुळींच दिलेली नसेल तर त्याच दिवशीं सुरुवात करून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं लस टोंचण्याचा प्रघात आहे. तरीहि धोका पुरता जात नाहीं, म्हणून चार ते सहा महिने कुत्रा मुलांपासून व गुरांपासून निराळा बांधावा. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावें. दहा दिवसांनंतर तो धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळीं त्याच्या लाळेंत विष नव्हतें असें निश्चित समजावें. मात्र ते दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करणें हा जिवाशीं खेळ होय. टोळींतील एखादा कुत्रा गाईम्हशींस चावला असेल तर त्यांसहि हेंच टोंचणें लागतें.

सोडवितांना माणसास दात किंवा ओरखडा लागला असेल, अथवा हातावरील जुन्या जखमेस लाळ लागली असेल, तर पंधरा मिनिटें साबणानें धुऊन त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. रक्त निघालें असल्यास लसीबरोबर जखमेंत टोंचावयाचें निराळें औषधहि लागतें. वडीलधाऱ्यांस पोटांतील चौदा सुया आठवतात व ते टाळाटाळ करतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. कसौली येथील संस्थेंत डेव्हिड सेंपल यांनीं १९११ च्या सुमारास ती सिद्ध केली व आपल्या देशांत ती २००५ पर्यंत चालली. आतांची लस दंडांत टोंचतात, चार किंवा पांच वेळां, व तिचा त्रास फारसा नसतो.

टोळी हल्ला कां करते, हेंहि पाहूं. भाद्रपद व कुत्रे यांचा संबंध आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पुष्कळ कुत्र्या माजावर येतात, नरांचे जथे जमतात व तेथें उपऱ्या कुत्र्याची खैर नसते. थंडींत पिलें झाल्यावर त्यांची आई जवळून जाणाऱ्यावर धांवते. एरव्हींहि प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. बैलगाडीमागें चालत दुसऱ्या आळींतून जाणारा कुत्रा ती ओलांडतो. एकटा जें करण्यास धजणार नाहीं तें पांच जण करतात, आणि कुत्रा खालीं पडून केकाटला कीं उरलेले तुटून पडतात.

यांतील एक कारण आपल्याच हातचें आहे. पूर्वीं शिवेवर टाकलेलें ढोर गिधाडें बघतां बघतां साफ करीत. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. गुरांस टोंचलेलें डायक्लोफेनॅक मेल्या ढोराच्या मांसावाटे त्यांच्या पोटांत जाऊन मूत्रपिंडें निकामी होतात, हें २००४ सालीं उघडकीस आलें, व २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं तें औषध बनविण्यास बंदी केली. दरम्यान ढोरें तेथेंच पडत राहिलीं व गिधाडांच्या जागीं कुत्रे आले. मांसावर पोसलेल्या व माणसांपासून तुटलेल्या या टोळ्या शेळ्याकरडांसहि सोडीत नाहींत. मेलेलें जनावर खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरणें हें काम कंटाळवाणें खरें. पण ज्यांच्या वस्त्या शिवेजवळ आहेत त्यांनीं तें स्वार्थासाठीं तरी करावें.

टोळीस विष घालण्याची भाषा अशा प्रसंगीं निघतेच. आमच्याहि ओट्यावर निघाली. तो १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीं गुन्हा तर आहेच, पण विषाचा तुकडा प्रथम आपलाच कुत्रा किंवा शेजाऱ्याची मांजर खाते. रिकाम्या झालेल्या हद्दींत थोड्याच दिवसांत दुसरे कुत्रे येतात, व ते लस न दिलेले असतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं भटक्या कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांस त्याच जागीं सोडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी. आमची मागणी अद्याप दप्तरांत आहे.

वस्तीवर तूर्त करण्याजोगें म्हणजे आखूड साखळीनें कुत्रा उघड्यावर बांधूं नये. बांधलेल्यास पळतां येत नाहीं व वळतांहि येत नाहीं. रात्रीं त्याच्या पाठीशीं भिंत व शिरावयास अरुंद दाराचें खोपट असावें, म्हणजे समोरून एकाच वेळीं एकच शत्रु येतो. हिमालयांतील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत बिबट्यासाठीं खिळ्यांचा किंवा पत्र्याचा रुंद पट्टा घालतात. त्यानें गळा वांचतो, व बिबट्याच्या भागांत असलेल्या आमच्या वाचकांस तो दुहेरी उपयोगाचा होईल.

जखम भरल्यावर एक गोष्ट राहते. खंड्या महिनाभर रात्रीं ओट्याखालून बाहेर येईना व दुसरा कुत्रा भुंकला कीं थरथरे. घरांतील एकदोघांनीं त्याला नामर्द म्हणून हिणवलें; एकानें पट्ट्यास धरून पाणंदीकडे ओढलें. त्यानें भीति वाढलीच. मग आम्हीं त्यास दिवसा, वरच्या बांधानें, रोज थोडेंथोडें दूर नेऊं लागलों. दूर कुत्रा दिसतांच आम्ही त्याच्यापुढें उभे राहत असूं व गुळभाकरीचा तुकडा देत असूं. शेजारच्या वस्तीवरील एक शांत म्हातारी कुत्री बरोबर घेतली त्याचा फार उपयोग झाला. कार्तिकांत तो पुन्हां भुईमुगाच्या काढणीवर राखणीस बसूं लागला. पाणंदीनें मात्र तो अद्याप जात नाहीं. गाडी त्या वाटेनें निघाली कीं तो वळसा घेऊन वरच्या बांधानें येतो व फाटकापाशीं आमची वाट पाहत उभा असतो.