सांडपाण्यातील प्लास्टिकची मोजदाद

नायलॉनचा सदरा किंवा पॉलिएस्टरची साडी आपण धुतो, तेव्हा पाण्याबरोबर केवळ मळच वाहून जातो असे नव्हे. कापडाचे सूक्ष्म तंतूही मोरीतून गटारात आणि गटारातून शुद्धीकरण केंद्रात जाऊन पोहोचतात. पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लास्टिकच्या तुकड्यांना ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हणण्याचा प्रघात २००४ साली प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्सन यांच्या निबंधापासून रूढ झाला. शुद्धीकरण केंद्र हे कण अडवते काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठच्या एका केंद्राची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. साडेसहा लाख वस्तीचे सांडपाणी तेथे येई. येणाऱ्या पाण्यात लिटरमागे सरासरी १५.७ कण आढळले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात अवघा पाव. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव कण अडले! परंतु रोजचे पाणी सुमारे २६ कोटी लिटर असल्याने नदीत रोज साडेसहा कोटी कण जातच होते. दोन्ही आकडे खरेच. मात्र चाळणीची छिद्रे ६५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्याएवढी होती. त्याहून बारीक कण निसटले असतील तर ते या हिशेबात नाहीत. दोन शहरांच्या आकड्यांची तुलना कोणी आपल्यापुढे मांडली, तर प्रथम चाळणी विचारावी, हे बरे. सरकारी टिपणीत नेमका तोच तपशील गळतो!

चाळणीवर जे उरते त्यात प्लास्टिक थोडे व घाण फार. ती जाळण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तीव्र आम्लाने काम लवकर होते खरे, पण मळाबरोबर नायलॉनही विरघळते. पुढे मिठाच्या संपृक्त द्रावणात हलके कण तरंगवून वेगळे करावयाचे. येथे एक मौज आहे. हे द्रावण पाण्याच्या १.२ पट जड असते, तर पॉलिएस्टर सुमारे १.३८ पट. अर्थात आपल्या साडीचा तंतू तळाशी बसतो आणि मोजणीतून सुटतो! झिंक क्लोराइडचे अधिक जड द्रावण त्याला वर आणते, पण ते महाग व घातक आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत सुती धागाही प्लास्टिकसारखाच दिसतो. म्हणून कणावर अवरक्त किरण टाकून त्यांतले कोणते शोषले जातात ते पाहतात; प्रत्येक प्लास्टिकची खूण निराळी असते. ही रीत दहा-वीस मायक्रॉनपर्यंत चालते. त्याखाली, एका मायक्रॉनपर्यंत, कामी येतो तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेला परिणाम. मात्र रंगद्रव्ये त्यात व्यत्यय आणतात. नमुना हवेविना तापवून निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिकचे वजनही काढता येते, पण मग कण किती व कोणत्या आकाराचे, हे कळत नाही.

मोजणाऱ्याच्या अंगावरील कपड्याचे तंतूही नमुन्यात पडतात. त्यासाठी तो सुती कोट घालतो, भांडी काचेची वा पोलादाची घेतो, आणि स्वच्छ पाण्याचा एक कोरा नमुना त्याच सर्व क्रियांतून नेऊन त्यात आढळलेले कण हिशेबात धरतो.

आता ते अडलेले अठ्ठ्याण्णव कण. ते नाहीसे होत नाहीत. बहुतांशी केंद्राच्या गाळात उतरतात. गाळात सेंद्रिय द्रव्य इतके दाट असते की तेथील मोजणी पाण्यातल्याहून कितीतरी अवघड. आणि अनेक देशांत हाच गाळ खत म्हणून शेतात पसरतात.