सगळ्या कामांना चालणारी माती

माठातलं पाणी गार होतं, कारण माठ पाझरतो. लोणच्याच्या बरणीला पाझरून चालत नाही. खारवलेली कैरी कच्च्या अंगाच्या मडक्यात भरून ठेवली, तर मीठ आरपार बाहेर येतं, पृष्ठभागावर त्याचे स्फटिक धरतात आणि हळूहळू मातीचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी अशी ती जुनी बरणी वेगळ्या मातीची आणि वेगळ्या आगीतून आलेली असते. कुंभाराची लाल माती साधारण हजार अंशांच्या आतच भाजतात. बरणीची १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला. त्या धगीत मातीतला काही भाग वितळून काच होतो, कणांमधल्या फटी बुजतात आणि भांडं अंगानंच घट्ट होतं. हेच स्टोनवेअर.

१९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि तिथे शिकलेल्या कुंभारांनी स्टोनवेअर देशभर नेलं. आज मुंबई-पुण्यात, गोव्यात घरच्या खोलीत चाक आणि विजेची छोटी भट्टी मांडून काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला सुरुवातीला एकच प्रश्न पडतो: कप, वाडगे, ताटल्या, हातानं उभारलेली मोठी भांडी, हे सगळं जिच्यात होईल अशी माती कोणती घ्यावी?

अशी माती खाणीतून तयार निघत नाही, ती जुळवावी लागते. बॉल क्लेनं चिवटपणा येतो. आपल्याकडे ती मुख्यतः राजस्थानात बिकानेरकडे मिळते. केओलिननं पांढरेपणा आणि आगीत उभं राहण्याचं बळ येतं. ते आपल्या सिंधुदुर्गातही निघतं. फायर क्ले अंग भरते, फेल्डस्पार वितळून कणांना बांधतो आणि क्वार्ट्‌झ सांगाडा धरतो. बॉल क्ले वाढली की माती चाकावर सुरेख चढते, पण वाळताना जास्त आकसते आणि तडकते. केओलिन वाढलं की कडा फाटतात. गुणी माती म्हणजे या ओढाताणीत साधलेला तोल.

मात्र हाताला कशी लागते याच्याही आधी माती कोणत्या तापमानाला पिकते ते विचारा. इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पुष्कळ पिशव्यांवर ‘कोन ६ ते १०’ असं छापलेलं असतं. कोन हे भट्टीतल्या धगीचं माप; कोन ६ म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश आणि कोन १० म्हणजे १३०० च्या आसपास. दोन्हीकडे सारखीच पिकणारी माती मला तरी शक्य वाटत नाही. कोन १० ची माती विजेच्या भट्टीत कोन ६ ला काढली तर ती दिसते छान, टिचकी मारली तर वाजतेही; पण आतून उघडीच राहते. मग कपाखाली टेबलावर ओल उमटते, मायक्रोवेव्हमध्ये कान पोळतो आणि पाणी पिऊन अंग किंचित फुगलं की काही महिन्यांनी झिलईवर बारीक चिरा पडतात. उलट कोन ६ ची माती कोन १० ला नेली तर भांडं बसतं आणि अंगावर फोड येतात. अष्टपैलूपणा कामाच्या प्रकारांत शोधावा, तापमानात शोधू नये.

त्यानंतर ग्रॉग, म्हणजे आधी भाजून दळलेल्या मातीची रवाळ भर. ती असली की जाड भिंत नीट वाळते, मोठं भांडं वाकत नाही. पण भरड ग्रॉग चाकावर तळवे सोलतो आणि खरवडताना कपाच्या तळावर ओरखडे काढतो. बारीक आणि थोडा ग्रॉग असलेली माती चाकालाही चालते, हातकामालाही. पहिली माती म्हणून मी तीच घ्यायला सांगेन. रंगाचं म्हणाल, तर पांढऱ्यावर झिलई खुलते हे खरं, पण किंचित लोह असलेल्या बदामी मातीवर साधी पारदर्शक झिलईसुद्धा ऊबदार दिसते.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. परीक्षा घरीच होते. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर चिवटपणा कमी. ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण भाजल्यावर मोजा, रेघ ८.८ सेंटिमीटर भरली, तर माती १२ टक्के आकसली आणि झाकणाचं माप त्या हिशेबानं धरायचं. सर्वांत मोलाची परीक्षा पाण्याची. झिलई न दिलेला तुकडा आपल्याच भट्टीत, नेहमीच्या तापमानाला भाजून वजन करा, काही तास पाण्यात उकळा, त्यातच निवू द्या आणि पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा २०२ भरला तर शोषण १ टक्का. जेवणाच्या भांड्यांना उत्तम. २०८ भरला तर ती माती त्या तापमानाला अन्नाच्या भांड्यांसाठी वापरू नये, मग चाकावर कितीही गोड चालो. झिलई दिलेला तुकडा बर्फाच्या पाण्यातून उकळत्या पाण्यात आलटून पालटून बुडवला की माती आणि झिलईचं जमतं की नाही तेही कळतं.

एकदा माती या परीक्षांना उतरली की दर महिन्याला नवी आणू नका. तिची ओल, तिचा आकस, तिच्यावरची झिलई हाताच्या सवयीत मुरायला वेळ लागतो. आणि नवी खेप आली की, विक्रेता तोच असला आणि पिशवीवरचं नाव तेच असलं तरी, पाण्याची परीक्षा पुन्हा करा. खाण पुढे सरकते तशी माती बदलते.