गडकरी, दैव आणि लेखणी

नागपुराहून छिंदवाड्याच्या वाटेनें निघालें म्हणजे सावनेर लागतें. संत्र्यांच्या व कापसाच्या मुलखांतील या गांवाचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत गेलें तें एका मृत्यूमुळें. २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी येथें क्षयानें वारले. वय अवघें ३३ वर्षांचें. दैवानें घात केला, असें म्हणून आपण आजही हळहळतों. ती हळहळ खोटी नव्हे. परंतु दैव व माणसाची इच्छा यांचा झगडा स्वतः गडकऱ्यांनीं कसा पाहिला, हें तिच्या भरांत विचारावयाचें राहून जातें.

त्याचें उत्तर 'एकच प्याला'मध्यें आहे. सुधाकर हुशार वकील. त्याची सनद कांहीं काळ रद्द होते, मानी मनाला तो घाव सोसवत नाहीं, आणि नेमका त्याच वेळीं तळीराम प्याला पुढें करतो. येथवर परिस्थितीचा हात उघड दिसतो. पण प्याला उचलणारा हात सुधाकराचाच ना? शेजारीं रामलालसारखा मित्र आहे, घरांत सिंधू आहे. वाटा बंद नाहींत. माझ्या मतें साऱ्या नाटकाचें मर्म नांवांतील 'एकच' या शब्दांत आहे. पहिला प्याला मनुष्य मोकळेपणीं घेतो, दुसरा थोड्या कमी मोकळेपणीं, आणि पुढें निवड करणारें मनच शिल्लक उरत नाहीं. गडकऱ्यांचें दैव आकाशांतून कोसळत नाहीं. तें घोटाघोटानें तयार होतें. ग्रीक नाटकांतील ईडिपसाचें भवितव्य त्याच्या जन्मापूर्वींच ठरलेलें असतें. सुधाकराचें तसें नाहीं, म्हणूनच तो आपणांस अधिक बोचतो.

आतां लेखकाकडे वळूं. क्षयावर त्या काळीं रामबाण औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें १९४३ सालीं. रोग निवडणें गडकऱ्यांच्या हातीं नव्हतें. पण त्या आजारांत लिहावयाचें काय, हें त्यांच्या हातीं होतें, आणि त्यांनीं पुरें केलें तें 'भावबंधन', म्हणजे प्रेक्षकांना पोट धरून हसविणारें नाटक! विलापिका लिहिली असती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. (आमच्याकडे साध्या पडशानेंही माणसें वैराग्याचीं भाषणें करूं लागतात, तें असो.)

प्रतिभा स्वैर असते, ही समजूतही येथें टिकत नाहीं. त्या काळच्या संगीत नाटकाला पदें हवींत, नटांचे गळे सांभाळावयाचे, मंडळीची गरज पाहावयाची. इतक्या बंधनांत राहूनही गडकऱ्यांचें एक वाक्य ऐकतांच तें त्यांचें म्हणून ओळखूं येतें.

'एकच प्याला'चीं पदें प्रकृतीमुळें त्यांच्या हातून झालीं नाहींत. तीं विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं रचलीं. नाटक गंधर्व मंडळीनें १९१९ मध्येंच रंगभूमीवर आणलें, आणि बालगंधर्वांच्या सिंधूनें प्रेक्षकांना रडविलें. तें पाहावयास गडकरी नव्हते. 'राजसंन्यास' तर अपुरेंच राहिलें.